लाल ठिपक्यांचे दिवस

जे काम सुरळीत पार पडतं त्याचा किस्सा होत नाही, हे मी डिचोलीच्या त्या खोलीत शिकले. आमच्या पडद्यावर प्रत्येक टॅबचा एक ठिपका असायचा. नवीन सॉफ्टवेअर नीट बसलं की ठिपका हिरवा, नाही बसलं की लाल. हिरव्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. लाल दिसला की आमच्यापैकी कुणीतरी चपला घालून बस पकडायचं, आणि संध्याकाळी परत येताना टॅब दुरुस्त झालेला असो वा नसो, किस्सा मात्र सोबत असायचाच. आता मी पर्वरीच्या गारेगार ऑफिसात बसते, सगळे ठिपके आपोआप हिरवे होतात, आणि सांगण्यासारखं काही घडत नाही.

ती खोली बाजारात, एका भुसारी दुकानाच्या वर होती. खाली सुक्या मिरच्यांचं पोतं उघडलं की वर आम्ही तिघं शिंकायचो. एक मी, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, जग बदलायला निघालेली, आणि ते लवकर बदलत नाही म्हणून चिडलेली. दुसरा सावियो, म्हापशाचा, कोडिंगमध्ये हुशार आणि खाण्यात त्याहून हुशार. तिसरे विठ्ठलबाब. ते पूर्वी खाणीवर कॉम्प्युटर सांभाळायचे, खाण बंद पडल्यावर आमच्यात आले. रोज सकाळी खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवून ते लाल धूळ बघायचे आणि म्हणायचे, "खाण बंद झाली, पण मला भेटायला येते."

आमच्या संस्थेनं पेडणे आणि डिचोलीतल्या वाड्यांवर, म्हणजे गावांतल्या छोट्या वस्त्यांवर, मुलांच्या अभ्यासासाठी टॅब दिले होते. ते सगळे एका जागी बसून सांभाळायचे, हे आमचं काम. त्या वर्षी नवं अ‍ॅप आलं. जुनं बंद पडणार होतं, त्यामुळे नवं प्रत्येक टॅबवर बसायलाच हवं होतं. पुण्याच्या हेड ऑफिसनं सरळ कळवलं : नाताळपर्यंत जे टॅब लाल राहतील ते गोळा करून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवू.

हे ऐकून सुमतीबाई पेडण्याहून दोन बस बदलून आमच्याकडे आल्या. त्या निवृत्त शिक्षिका. मोपाच्या सड्याखाली, म्हणजे नवा विमानतळ होत होता त्या पठाराखाली, खोलगट जागी त्यांचा वाडा. काजूच्या बागांत राबणाऱ्यांची, ट्रक चालवणाऱ्यांची पोरं शाळा सुटल्यावर त्यांच्या व्हरांड्यात जमत. त्या वाड्यातले सगळे टॅब लाल होते.

"टॅब गेले तर पोरं जमायची बंद होतील," बाई म्हणाल्या. "माझ्या तोंडाकडे बघायला कोण येतंय आता?"

मी म्हटलं, "बाई, काळजी नको. एका क्लिकचं काम आहे."

विठ्ठलबाबांनी खिडकीच्या चौकटीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

*

पहिला लाल पट्टा उठला तो मये गावाच्या बाजूला. पावसाचे दिवस. टॅब चालू आहेत, चार्ज आहेत, पण संपर्कच नाही. मी दोन दिवस सर्व्हरला शिव्या घातल्या आणि मग छत्री घेऊन निघाले.

पहिल्याच घरात म्हाताऱ्या आजीनं मला आत नेलं, पत्र्याच्या डब्याचं झाकण काढलं आणि तांदळात कोपरापर्यंत हात घातला. आतून फडक्यात गुंडाळलेला टॅब निघाला.

"आजी, इथे का ठेवलात?"

"दमट लागता ना गो. तुमच्या त्या पोरानंच सांगितलं होतं."

ते पोर म्हणजे सावियो. टॅब वाटताना तो बोलून गेला होता, पाण्यात पडला तर तांदळात ठेवा. इथं पावसात भिंतीसुद्धा भिजतात, मग पडायची वाट कोण बघणार? सगळ्या वाड्यानं आधीच ठेवून टाकले होते. जाड पत्रा, वर घट्ट झाकण, आत तांदूळ. सिग्नल जाणार कुठून?

मी आजीला समजावलं की टॅब बाहेर ठेवायचा. ती मला नीट निरखून म्हणाली, "तुला वाटतं आम्ही कसल्याही तांदळात ठेवला? उकडा आहे तो. घरचा."

*

मग मी हुशारी केली. दुपारी जेवणानंतर टॅब कुणी वापरत नाही, तेव्हा अपडेट त्याच वेळी पाठवायचा. कागदावर उत्तम योजना. प्रत्यक्षात रोज दुपारी अर्धे टॅब अपडेट घेता घेता मधेच गायब.

कारण साधं होतं. पाऊस सरता सरता दुपारचा गडगडाट सुरू होतो. जेवणं झाली की घरातलं कुणीतरी मेन स्विच खाली ओढतं आणि सगळे आडवे होतात. घरातला राउटरही झोपतो.

मी सुमतीबाईंना फोन करून तावातावानं म्हटलं की लोकांना सांगा, दुपारी मेन स्विच बंद करू नका. माझा आवाज चढला असणार.

बाई म्हणाल्या, "मेधा, गोवा मुक्त झाल्यावर राज्याचा दर्जा मिळेपर्यंत मी शाळेतून कॉलेजात गेले, लग्न झालं, नोकरी लागली, दोन मुलं झाली. तुझा अपडेट चार वाजेपर्यंत थांबेल ना?"

मी अपडेट चार वाजता लावला. बसला. पण बाईंच्या वाड्यात राउटरच नव्हता. तिथले ठिपके लालच.

*

आता विठ्ठलबाबांचा किस्सा. ते रागावणार नाहीत, त्यांनीच तो सगळ्या बाजाराला सांगितलाय.

प्रत्येक नवी गोष्ट आधी एका टॅबवर तपासून बघायची, आणि तो टॅब विठ्ठलबाबांच्या घरी असायचा. त्यावर अ‍ॅप बसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धवट. मी नोंदी बघितल्या तर टॅबची भाषा बदलत होती. सकाळी कोकणी, संध्याकाळी मराठी. भाषा बदलली की अ‍ॅप सगळे धडे नव्यानं उतरवायला घेई आणि मधेच अडकून पडे.

मी आणि सावियो आठवडाभर हा दोष शोधत होतो. सावियोनं कोड उलटापालटा केला. मी कंपनीला तक्रार लिहिली, त्यांनी उलट विचारलं की तुमच्याकडे असे किती टॅब आहेत. विठ्ठलबाब तेवढा आठवडा आमच्यात बसायचं टाळत. चहासुद्धा खाली जाऊन प्यायचे.

शेवटी त्यांना राहवलं नाही. भाषेच्या आंदोलनात ते मराठीचा फलक घेऊन पणजीला गेले होते. त्यांची बायको, तेव्हा बायको नव्हती, कोकणीचा फलक घेऊन समोरून आली होती. पुढे लग्न झालं, मुलं मोठी झाली, घरात त्या विषयावर चकार शब्द नाही. पण घरात टॅब आला. ती सकाळी रेसिपी बघायला उघडे, हे संध्याकाळी पेपर वाचायला.

"म्हणजे हा बग नाही?" सावियोनं विचारलं.

"नाही रे," विठ्ठलबाब म्हणाले. "संसार आहे."

आम्ही तपासणीचा टॅब सावियोच्या घरी हलवला. त्याच्या आईनं तो इंग्रजीत ठेवला आणि त्यावर फक्त पत्ते खेळली.

*

पत्रादेवीच्या बाजूला एक घर आहे, त्याचा व्हरांडा गोव्यात आणि चूल महाराष्ट्रात. निदान आमच्या नकाशात तरी तसंच. हेड ऑफिसनं नियम लावला होता की टॅब राज्याबाहेर गेला की कुलूप लागून मोठ्यानं ओरडायला हवा, म्हणजे कुणी विकणार नाही. त्या घरातला टॅब दिवसातून पाच-सहा वेळा ओरडायचा आणि दर वेळी अपडेट तुटायचा.

सावियो गेला. घरमालक मूळचे सावंतवाडीकडचे, ट्रकवर ड्रायव्हर. त्यांनी सावियोला व्हरांड्यात बसवलं आणि सांगितलं, "हय बसून वाचलो तर गप. पोर पेज जेवूक आत गेलो, की बोंबाबोंब."

सावियोनं नकाशातली हद्द थोडी पुढे सरकवली, चूल गोव्यात आणली. अपडेट बसला, ठिपका हिरवा. आम्ही खूश.

चार दिवसांनी त्यांचा फोन. "तुमी काय केलात त्या टॅबाक?"

"दुरुस्त केला काका. आता ओरडणार नाही."

"तेच तर. आधी पोर जेवताना टॅब बाहेर ठेवून यायचो. आता ताटाकडे बघनासो झालो." मग अगदी नम्रपणे म्हणाले, "तो बिघाड होतो, तो परत लावून द्याल?"

सावियोनं चूल परत महाराष्ट्रात नेऊन ठेवली.

*

हेड ऑफिसच्या कुणीतरी कॅलेंडर बघून ठरवलं की गणेश चवथीच्या दिवशी सुट्टी, टॅब कुणी हातात घेणार नाही, तेव्हा संध्याकाळी सगळे टॅब सक्तीनं बंद-चालू करू. आम्हाला कळवलं ते फक्त माहितीसाठी. विठ्ठलबाब आणि मी आपापल्या मूळ घरी, सावियो शेजाऱ्यांकडे, तिघंही मोदक खाऊन सुस्त. ईमेल कोण बघतंय?

साळ गावातल्या एका घरी त्याच वेळी आरती रंगली होती. गणपतीवर टांगलेल्या माटोळीला बांधलेल्या नारळ-सुपाऱ्यांच्या खाली टॅब उभा, त्यावर आरतीचे शब्द, समोर पंधरा-वीस माणसं, मातीचं घुमट वाजवणारे दोन घुमटवाले. तिसऱ्या कडव्याला टॅब काळा झाला. मग त्यावर आकडे दिसायला लागले. दहा टक्के. वीस टक्के.

शब्द कुणालाच पुढे येत नव्हते. पण आरती मधे थांबवायची नसते. घुमटवाल्यांनी ठेका धरून ठेवला. तीस टक्के. झांजा वाजत राहिल्या. बायका आधी हसल्या, मग टाळ्या धरल्या. साठ टक्क्यांला लय चढली. नव्वदला पोरं ओरडायला लागली.

सुट्टी संपल्यावर घुमटवाले काका बाजारात मला भेटले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "शंभर टक्क्यांला असा काही ठोका पडला म्हणतेस! पुढल्या वर्षीसुद्धा ह्याच वेळी सोडा."

*

तोवर डिचोली जवळजवळ हिरवी झाली होती. पेडणेही. फक्त सुमतीबाईंचा वाडा लाल, आणि नाताळ जवळ येत चाललेला.

वाड्यात रेंज नव्हती. सड्यावर एका मोठ्या फत्तराजवळ ती मिळायची. बायका काजूत कामाला जाताना टॅब पदरात घेऊन जायच्या, फत्तरावर ठेवायच्या. पण अ‍ॅप मोठं. अर्धं उतरेपर्यंत बॅटरी संपायची, किंवा टॅबच्या मालकिणीला घरी जायची वेळ व्हायची. आणि एक दिवस विमानतळाचं कुंपण पुढे आलं आणि तो फत्तर कुंपणाच्या आत गेला.

आम्ही तिघंही त्या दिवशी तिथंच होतो. तारेपलीकडे फत्तर दिसत होता. वॉचमन भला माणूस, उत्तरेकडचा. तारेवरून हात घालून टॅब घ्यायचा, फत्तरावर ठेवायचा, राखण करायचा. पण त्याची ड्यूटी बदलली की दुसरा यायचा, तो नाही म्हणायचा.

सुमतीबाई तारेला धरून उभ्या होत्या. "जमीन गेली तेव्हा पैसे मिळाले," त्या म्हणाल्या. "काजू गेले, त्याचेही मिळाले. रेंजचे कुणाकडे मागायचे?"

मी त्या वेळी काहीतरी मोठमोठं बोलले. हक्क, विकास, निवेदन, सगळं आलं त्यात. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी काय करायचं ते सांग."

त्या रात्री आम्ही बाईंकडेच राहिलो. सकाळी व्हरांड्यात चहा घेत होतो. तेवढ्यात खालच्या वाटेवर पों पों वाजलं. बस्त्याव पदेर, म्हणजे पाववाला. सायकलच्या मागे पावांची टोपली, वर निळं प्लास्टिक. रोज पहाटे बाजारातल्या भट्टीवरून निघायचं आणि वाड्यातल्या शेवटच्या घरापर्यंत पोचायचं. पोस्टमन येवो न येवो, पदेर यायचाच.

सावियो नुकत्याच घेतलेल्या पोईचा, कोंड्याच्या पावाचा, घास तोंडात घेऊन तसाच थांबला. मग चावायचं सोडून बस्त्यावच्या टोपलीकडे बघत राहिला.

*

सावियोनं केलं ते असं. मुठीएवढा वायफायचा डबा, त्यात बॅटरी, त्यात अख्खं नवं अ‍ॅप भरलेलं. डबा पावांच्या खाली. बस्त्याव घरासमोर थांबला की घरातला टॅब त्या डब्याला जोडला जायचा आणि अ‍ॅप उतरवायला लागायचा. तो पुढे गेला की तुटायचं, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. फेरी संपवून तो बाजारात पोचला, रेंज आली, की डबा सगळी खबर आम्हाला पाठवायचा.

अडचण एकच. बस्त्याव एका घरी मिनिटभर थांबायचा. त्याचा नियम होता : गिऱ्हाईक असेल तरच ब्रेक.

वाड्यातल्या बायकांनी तो प्रश्न आम्हाला न विचारताच सोडवला. एरवी दारातूनच पाव उचलणाऱ्या बायका पिशवी घेऊन वाटेवर उभ्या राहू लागल्या. एक उंडो, गोल पाव, घ्यायचा, परत करायचा, पोई घ्यायची. "बस्त्याव, तुझ्या बायलेचो गुडघो कसो आसा?" "बस्त्याव, हो पाव काल्चो मरे?" घराघरात एक पोर टॅब घेऊन खिडकीत, टक्के मोजत, आणि आई बाहेर बस्त्यावला धरून.

तो आमच्याकडे तक्रार घेऊन आला. "बाय, म्हजे पाव थंड जातात. आनी म्हज्या बायलेचो गुडघो बरो आसा, हांव कितल्यांक सांगूं?"

नाताळच्या आधी वाडा हिरवा झाला. सगळा.

आणि तिथंच घोळ झाला. हेड ऑफिसला ते खरं वाटेना. ज्या वाड्यात रेंज नाही तिथले टॅब पहाटे, एकामागून एक, ओळीनं, सायकलच्या वेगानं हिरवे होतात? त्यांनी ठरवलं की आम्ही खोट्या नोंदी भरल्या. तपासायला अनिकेत नावाचा इंजिनिअर पुण्याहून आला. माझ्याच वयाचा, माझ्याहून घाईतला. सोबत एक भली मोठी रिकामी बॅग. टॅब त्याच दिवशी घेऊन जायचा हुकूम होता.

आम्ही त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पाववाला? सिरियसली?"

सुमतीबाई म्हणाल्या, "नवीन धडा आलाय ना तुमचा? तो आमच्या टॅबवर अजून नाही. सावियो उद्याच्या टोपलीत घालील. सकाळपर्यंत राहा. मग न्यायचे तर न्या, मी स्वतः बॅगेत भरून देईन."

वाड्यात बातमी गेली. सकाळी एकही बाई बाहेर आली नाही. बाईंनीच बजावलं होतं, आज बस्त्यावला कुणी थांबवायचं नाही, नाहीतर तो इंजिनिअर म्हणेल आपण नाटक केलं.

पों पों वाजलं. अनिकेत एक टॅब हातात घेऊन वाटेवर उभा राहिला, बॅग खांद्याला. सायकल आली. टॅबवर पट्टी सरकायला लागली, सहा टक्के, आणि बस्त्याव न थांबता पुढे.

"अहो, थांबा! एक मिनिट!"

बस्त्यावनं मागे वळून बघितलं. "कितें जाय? पोयो काय उंडे?"

"मला काही नकोय, तुम्ही फक्त थांबा."

बस्त्यावनं पेडल मारलं.

आम्ही व्हरांड्यातून एवढंच पाहिलं की अनिकेत पळत सुटला. एका हातात टॅब, बॅग पाठीवर आपटतेय, वायंगणाच्या भातशेताच्या बांधावरून. पहिल्या वळणावर सायकल थांबली, मग पुढे गेली. पुन्हा थांबली. माडांच्या पलीकडे हॉर्न ऐकू यायचा, मग शांत, मग पुन्हा हॉर्न. सुमतीबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. टॅब त्यांनी आधीच सगळ्या घरांतून मागवून बाकावर ठेवले होते, पुसून, एकावर एक.

बऱ्याच वेळानं तो परत आला. घामाघूम, पॅंट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. टॅब त्यानं बाकावरच्या बाकीच्या टॅबवर ठेवला. पडद्यावर नवा धडा उघडा होता.

मग खांद्यावरची बॅग उतरवून बाईंच्या पायाशी ठेवली. ती गच्च फुगली होती. चेन लागत नव्हती, आणि तिच्या तोंडातून गरम पावांची वाफ येत होती.

कुणाकडेही न बघता तो पायरीवर बसला.

"बाई," तो म्हणाला, "चहा किती जणांचा टाकता येईल?"